प्राध्यापकांची शाळा

गावच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना नेमणूक मिळण्यापूर्वी अध्यापनाची पदविका घ्यावी लागते. हायस्कुलातल्या शिक्षकांना बी. एड. व्हावे लागते. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना ते दिवस आठवत असतील. रात्री जागून काढलेले पाठाचे टाचण, सकाळी परक्या वर्गासमोर घ्यायचा सराव-पाठ, आणि मागच्या बाकावर वही उघडून बसलेले निरीक्षक! 'फळ्याकडे तोंड करून बोललात', 'उजव्या रांगेलाच सगळे प्रश्न विचारलेत', 'उत्तराला वेळ दिला नाहीत' असे शेरे वहीत येत. त्या वेळी राग येई. पण माणूस शिक्षक होतो तो अशा शेऱ्यांतूनच.

आता गावातला मुलगा किंवा मुलगी बारावी होऊन तालुक्याच्या, नाहीतर जिल्ह्याच्या कॉलेजात जाते. तिथे वर्गावर येणाऱ्या प्राध्यापकांना शिकवायला कुणी शिकवले? बहुतेक वेळा याचे उत्तर 'कुणीच नाही' असे आहे. त्यांनी आपल्या विषयात एम. ए. किंवा एम. एस्सी. केलेले असते. १९८९ पासून सुरू झालेली नेटची परीक्षा किंवा राज्याची सेट ते उत्तीर्ण झालेले असतात. कित्येक जण पीएच. डी. असतात. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनासंबंधी प्रश्न असतात खरे, पण ते चार पर्यायांतून एक निवडण्याचे. साठ-सत्तर मुलांसमोर उभे करून 'घ्या बरे एक तास' असे ती परीक्षा म्हणत नाही.

यामागची समजूत अशी, की ज्याला विषय येतो त्याला तो शिकवताही येतोच. पण विहिरीवर मुलांना पोहायला शिकवणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. पट्टीचे पोहणारे गावात दहा असतात. पाठीला भोपळा बांधून, भ्यालेल्या पोराला चार दिवसांत पाण्यात मोकळे सोडणारा त्यांत एखादाच असतो. आपण लहानपणी काय भ्यायलो होतो हे बाकीचे विसरून गेलेले असतात.

एके काळी हे खपून गेले. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. त्यानंतर कित्येक पिढ्या कॉलेजात जाणारी मुले थोडी होती आणि ती बहुतेक लिहित्या-वाचत्या घरांतली होती. वर्गात कळले नाही, तर घरी वडील असत, थोरला भाऊ असे, कपाटात पुस्तके असत. प्राध्यापकांनी नुसते व्याख्यान दिले तरी उरलेले काम घर करी. पुढे हे चित्र पालटले, आणि ते आपोआप पालटले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय काढले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यास शिवाजी कॉलेज उघडले आणि 'कमवा आणि शिका' म्हणत गरिबांच्या मुलांना तिथे आणून बसवले. आज तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत अशी मुले दिसतात की ज्यांच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारे ते पहिलेच. पण दार उघडणे निराळे आणि आत आलेल्याला पाट मांडून देणे निराळे. दार उघडण्याचे काम त्या थोर माणसांनी केले. पाट मांडण्याचे काम रोज, प्रत्येक तासाला, वर्गावर जाणाऱ्याने करायचे आहे.

ते झाले नाही म्हणजे काय होते, ते तुम्ही पाहिलेले आहे. मुलगी पहिल्या सत्रात वर्गात गप्प बसते. दिवाळीला घरी येते तेव्हा कॉलेजबद्दल फारसे बोलत नाही. परीक्षेत दोन विषय राहतात. 'तिला झेपत नाही' असे प्राध्यापक म्हणतात. 'डोके नसेल' असे घरचे म्हणतात, आणि उन्हाळ्यात स्थळे पाहू लागतात. वाईट हे की तिलाही तेच खरे वाटू लागते. दहावीला गावात पहिली आलेली मुलगी! तिचे डोके दोन वर्षांत गेले कुठे?

हाच प्रश्न दूर अमेरिकेत एका माणसाला पडला होता. त्याने तो कसा सोडवला, हे जरा सविस्तर सांगण्यासारखे आहे.

कॅलिफोर्नियात बर्कली येथे मोठे नामांकित विद्यापीठ आहे. १९७० नंतरच्या दशकात तिथे युरी ट्रिसमन नावाचा तरुण गणिताचे पदव्युत्तर शिक्षण घेत होता. पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅलक्युलस हा गणिताचा विषय असे. इंजिनिअर, डॉक्टर, शास्त्रज्ञ व्हायचे तर हा उंबरठा ओलांडावाच लागे. कृष्णवर्णी मुले याच उंबरठ्यावर मोठ्या संख्येने अडखळत. ट्रिसमनने प्राध्यापकांना कारण विचारले. उत्तरे ठरलेली होती. कुणी म्हणाले, या मुलांना तेवढी जिद्द नाही. कुणी म्हणाले, शाळेतली तयारी कच्ची. कुणी घरच्या वळणावर बोट ठेवले, तर कुणी गरिबीवर. आपल्या स्टाफ-रूममध्ये ऐकू येतात तीच ही उत्तरे, नाही का?

ट्रिसमनने एक साधी गोष्ट केली. तो मुले अभ्यास कसा करतात ते पाहायला गेला. वीस कृष्णवर्णी मुले आणि वीस चिनी वंशाची मुले त्याने निवडली. चिनी मुले या विषयात चांगली चमकत असत. पुढचे कित्येक महिने तो त्यांच्या खोल्यांत, वाचनालयात त्यांच्याबरोबर राहिला. तेव्हा दिसले ते असे. कृष्णवर्णी मुले आळशी नव्हती. आठवड्याला आठ-आठ तास ती गणिताला देत होती, आणि प्राध्यापकांनी नेमून दिलेला वेळ तेवढाच होता. घरच्यांना त्यांच्या शिक्षणाची आस्था होती. पण विसांपैकी अठरा मुले वर्गातल्या कुणाबरोबरही कधी अभ्यासाला बसत नव्हती. दार लावून एकट्याने अभ्यास करायचा, हीच त्यांची सवय होती. आपापल्या शाळांत ती याच सवयीच्या बळावर पुढे आली होती. कॉलेजात मात्र तीच सवय आड आली. गणित चुकले तर कुठे चुकले हे सांगणारा कुणी नाही. आणि चुकते ते सगळ्यांचेच चुकते, एकट्या आपले नाही, हे कळायलाही मार्ग नाही.

चिनी मुलांचे काय? तीही आठ-दहा तास एकटी अभ्यास करत. पण रात्री एकत्र जमत, कधी कधी जेवणाच्या निमित्ताने. एकमेकांच्या वह्या तपासत, भांडत, हसत. चौघांनाही एखादे उदाहरण सुटले नाही, तर ते उदाहरणच अवघड आहे हे त्यांना उमगे. असे करून आठवड्याचे चौदा तास होत. आणि परीक्षा कशी येते, सर काय विचारतात, याची बित्तंबातमी सगळ्यांना असे.

यावर ट्रिसमनने जो उपाय केला त्यात त्याची खरी अक्कल दिसते. विद्यापीठात 'कच्च्या' मुलांसाठी जादा वर्ग होतेच. मुले तिकडे फिरकत नसत. आपल्या शाळेत पहिला आलेला मुलगा 'कच्च्यांचा वर्ग' अशी पाटी असलेल्या खोलीत कशाला जाईल? ट्रिसमनने पाटीच बदलली. हुशार मुलांसाठी खास कार्यशाळा, असे म्हणून त्याने मुलांना बोलावले. आणि दिली ती सोपी उदाहरणे नव्हेत, तर नेहमीपेक्षा अवघड. मात्र ती चार-सहा जणांच्या गटात बसून सोडवायची. शिकवणारा फिरत राही, उत्तर सांगत नसे, नेमका प्रश्न विचारी. या कार्यशाळेत आलेली मुले न आलेल्यांच्या पुष्कळ पुढे गेली. तयारी कच्ची म्हणून जी मुले नापास व्हायची, तीच आता चांगल्या श्रेणी मिळवू लागली. हा प्रयोग मग अमेरिकेतल्या इतर विद्यापीठांनी उचलला.

यात मुलांचे डोके बदलले नाही, घर बदलले नाही. शिकवणाऱ्याने आपली समजूत बाजूला ठेवून मुलाकडे पाहिले, एवढाच काय तो फरक. आज विद्यापीठांत 'समावेशक अध्यापन' म्हणून जो शब्द ऐकू येतो, त्याचा अर्थ मी तरी असाच करतो. वर्गात बसलेल्या प्रत्येकाला धडा लागू पडेल असे शिकवायचे. पुष्कळांना वाटते की याचा अर्थ अभ्यासक्रम पातळ करणे, पाण्यात पाणी घालणे. ट्रिसमनची अवघड उदाहरणे पाहिली म्हणजे हा गैरसमज राहू नये.

दुसरी गोष्ट याहून लहान आहे. उद्या सकाळच्या तासाला करून पाहता येईल इतकी लहान. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी शाळांतले विज्ञानाचे कितीतरी तास ध्वनिमुद्रित करून ऐकले. शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी किती थांबतात, हे त्यांनी मोजले. सरासरी एक सेकंद! एवढ्या वेळात हात वर करणारी मुले नेहमीचीच तीन-चार. बाकीच्यांचा विचार सुरू होतो न होतो तोच उत्तर देऊन झालेले असते. मग बाईंनी शिक्षकांना तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबायला शिकवले. उत्तरे लांब येऊ लागली, 'माहीत नाही' म्हणणे कमी झाले, आणि ज्यांना शिक्षक मंद समजत होते ती मुले बोलू लागली. १९७४ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. तीन सेकंद म्हणजे मनात 'एक, दोन, तीन' म्हणायला लागतो तेवढा वेळ. पण वर्गासमोर उभे राहून गप्प राहणे किती जड जाते, हे शिकवणाऱ्यालाच ठाऊक.

आपल्याकडे या तीन सेकंदांना आणखी एक कारण आहे, ते म्हणजे भाषा. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला 'चाल' आणि 'वेग' यांतला फरक चांगला कळलेला असतो. दिशा धरली की वेग, नाही धरली तर चाल. कॉलेजात सर 'स्पीड' आणि 'व्हेलॉसिटी' म्हणतात. मुलगा मनात ते शब्द उलटवत असतो तोवर सर पुढच्या समीकरणावर गेलेले असतात. तो मागे पडला तो पदार्थविज्ञानात नव्हे, भाषांतरात. उत्तर त्याला येत असते. पण ते इंग्रजीत मांडताना वाक्य चुकेल आणि पुढच्या बाकावरची मुले हसतील, म्हणून तो मान खाली घालतो. अशा वेळी प्राध्यापकांनी फळ्याच्या एका कडेला त्या दिवसाचे आठ-दहा शब्द इंग्रजीत व मराठीत शेजारी-शेजारी लिहून ठेवले आणि 'उत्तर मराठीत सांगा, इंग्रजी आपण मिळून करू' एवढे म्हटले, तर काय बिघडते? विद्यापीठ अनुदान आयोगाने तर १९ एप्रिल २०२३ रोजी विद्यापीठांना कळवलेच आहे, की अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी विद्यार्थ्यांना परीक्षेत स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत. इंग्रजी मुलांनी शिकलेच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण इंग्रजी येईपर्यंत विज्ञान थांबवून धरू नये.

डोळ्यांनी न दिसणारे, कानांनी कमी ऐकणारे विद्यार्थीही आता कॉलेजात येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा त्यांच्यासाठी राखल्या आहेत. 'हे इथून तिकडे नेले की झाले' असे फळ्यावर बोट ठेवून म्हटले, तर अंध मुलाला त्यातून काय कळणार? जे लिहिले ते तोंडाने म्हणायचे, एवढेच करायचे असते. तोंड वर्गाकडे ठेवून बोलले, तर ओठांवरून समजून घेणाऱ्याची सोय होते; आणि मागच्या बाकावरच्या धडधाकट मुलालाही ऐकू येते.

जातीविषयी थोडे स्पष्टच बोलावे लागेल. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वेगळी वागणूक मिळते, अशा तक्रारी झाल्या, तेव्हा चौकशीसाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात होते. ते स्वतः मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. २००७ सालच्या त्या समितीच्या अहवालात विद्यार्थ्यांनी जे सांगितले, त्यात शिक्षकांकडून मिळणाऱ्या थंड वागणुकीचा भाग मोठा आहे. शिवी दिली तर तक्रार तरी करता येते. पण ज्याच्याकडे सरांची नजरच वळत नाही, ज्याचे नाव वर्षभर कुणी घेत नाही, त्याने तक्रार ती काय करायची? शिष्यवृत्तीची नावे भर वर्गात मोठ्याने वाचणे, 'सवलतीवाले उभे राहा' म्हणणे, हे करणाऱ्याला त्यात कदाचित काहीच वाटत नसेल. उभे राहणाऱ्याला ते जन्मभर लक्षात राहते. असे प्रकार बंद करायला पैसा लागत नाही, कुणाची मंजुरी लागत नाही.

मग प्राध्यापकांना हे कुणी शिकवायचे? आपल्या देशात याची सोय नाही असे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून 'अकॅडेमिक स्टाफ कॉलेज' नावाची केंद्रे सुरू केली. पुणे, मुंबई, नागपूर येथील विद्यापीठांतही ती निघाली. नव्या प्राध्यापकांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि जुन्यांसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, अशी मूळ योजना होती. मुदतीत पुढे बदल झाले. केंद्रांची नावेही बदलली. २०२३ पासून ती मालवीय मिशनच्या नावाने चालतात. त्या वर्षी जे आठ विषय ठरले, त्यांत 'विद्यार्थ्यांतील विविधता आणि समावेशक शिक्षण' हा एक आहे. ही चांगलीच गोष्ट झाली.

पण हे वर्ग बढतीला जोडलेले आहेत. त्यामुळे प्रमाणपत्र हाती पडले की पुष्कळांचे काम संपते. त्यातले बरेच वर्ग आता ऑनलाइन भरतात. 'विद्यार्थ्याला बोलते कसे करावे' यावर दोन तासांचे व्याख्यान ऐकत प्राध्यापक मुकाट्याने पडद्यासमोर बसलेले असतात, आणि त्यांना बोलते करण्याचे कुणाच्या मनात येत नाही! व्याख्यान देऊ नका, हे व्याख्यान देऊन सांगितले जाते. हायस्कूलच्या मास्तरांच्या वाट्याला जो सराव-पाठ आला, मागच्या बाकावरचा निरीक्षक आला, तो इथे सापडत नाही.

तो आणता येतो. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात १९६२ साली प्राध्यापकांसाठी अध्यापनाचे केंद्र निघाले. सत्राच्या मध्यावर प्राध्यापक स्वतः बोलावतात तेव्हा या केंद्रातला जाणकार त्यांच्या वर्गात येऊन मागे बसतो. काही वेळाने प्राध्यापक बाहेर जातात, आणि हा माणूस विद्यार्थ्यांना विचारतो: काय कळते, काय अडते? नंतर तो ते प्राध्यापकांना एकांतात सांगतो, वरिष्ठांना नव्हे. हे महत्त्वाचे, नाहीतर कोण बोलावील? याच केंद्राने पुढे एक नाटकमंडळीही उभारली. वर्गातला प्रसंग प्राध्यापकांसमोर करून दाखवायचा. कुणाला बोलू दिले, कुणाचे म्हणणे हवेत विरले, यावर मग चर्चा. आपल्या महाराष्ट्रात, जिथे गावोगाव हौशी नाटके होतात, तिथे हे मुळीच अवघड जाऊ नये.

एवढा खटाटोप करून फळ मिळते का? २०१४ साली विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात शंभरांत सुमारे ३४ मुले नापास होत होती. जिथे मुलांना वर्गातच काम दिले, बोलू दिले, तिथे सुमारे २२. पुढे २०२० मध्ये अशाच आणखी एका पडताळणीत दिसले, की मागे राहणाऱ्या समाजगटांतली मुले आणि बाकीची मुले यांच्या परीक्षेतल्या गुणांचे अंतर अशा वर्गांत सुमारे एक तृतीयांशाने घटते. मात्र तासातला बराचसा वेळ मुलांच्या कामाला दिला, तरच. चवीपुरती दोन मिनिटे दिली तर नाही.

शाळेच्या शिक्षकांना यात एक काम सहज करता येईल. तुमची दहावी-बारावीची मुले कॉलेजात जातात तेव्हा तिघा-चौघांना एकत्र बसून अभ्यास करायची सवय लावून पाठवा. मुलींना तर आवर्जून, कारण संध्याकाळी एकटीने वाचनालयात थांबायला घरून परवानगी मिळत नाही, चौघींना मिळते. आईवडिलांनी पालक मेळाव्याला जावे. तिथे फीची चौकशी करावीच, पण 'आमची मुलगी वर्गात बोलते का?' हेही विचारावे. आणि प्राध्यापकांपैकी कुणी हे वाचत असतील, तर त्यांनी आठवड्यातून एकदा तास संपायच्या तीन मिनिटे आधी खडू खाली ठेवावा. प्रत्येकाने कागदाच्या कपट्यावर, नाव न घालता, मराठीत किंवा इंग्रजीत लिहायचे: आज कोणती गोष्ट कळली नाही? ते साठ कपटे रात्री घरी वाचायला वीस मिनिटे लागतात. दुसऱ्या दिवशीचा तास कुठून सुरू करायचा, ते त्यांत लिहिलेले असते.